थॉरचं पोट चालेल, हल्कचा चष्मा नाही

‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ हा सुपरहिरोंचा सिनेमा पुन्हा पाहिला, टोनी (आयर्न मॅन) गेल्यावर डोळेही भरून आले, पण थॉरचा विदूषक केला आणि हल्कचं काय केलं तेच कळलं नाही. सगळे वाखाणतात, तर माझंच काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंय. चुकत नाही. फक्त त्या दोघांना एका तागडीत घालू नका.

मी गोव्यातल्या पेडण्याचा. लहानपणी दहीकाल्याच्या, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकांच्या, रात्री जागून काढल्या, नंतर गावच्या उत्सवी नाटकांत कधी तोंडाला रंग लावला, कधी विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलं. त्यामुळे माणसं फार आणि वेळ थोडा, ही अडचण माझ्या ओळखीची. आमच्याकडे नाटक निवडताना आधी पात्रं मोजतात. वाड्यावरच्या प्रत्येक घरातलं कोणीतरी स्टेजवर दिसलंच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी वर्गणी येत नाही. ‘एंडगेम’चे दिग्दर्शक रूसो बंधू, त्यांचं दुखणं तेच होतं. वर्गणी तेवढी मोठी.

आता थॉर. आधीच्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये भाऊ डोळ्यांदेखत मेला, प्रजा निम्मी झाली, आणि निम्मी सृष्टी संपवणाऱ्या थॅनोसच्या छातीऐवजी डोक्यात कुऱ्हाड घातली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे ओझं वर. असा माणूस पाच वर्षं नॉर्वेच्या किनाऱ्यावर बिअर ढोसत व्हिडिओ गेम खेळत बसतो, हे मला शंभर टक्के पटतं. खटकतं ते वेगळंच. दिग्दर्शकांना शांतता सोसत नाही. मुलगा भूतकाळात जाऊन आईला भेटतो, तेही तिच्या मरणाच्या दिवशी. ती त्याला बघताच ओळखते, समजावते. त्याहून जास्त काय हवं? पण निघताना तिच्या तोंडी सॅलड खात जा म्हणून विनोद घातलाच. पणजीच्या आयनॉक्समध्ये हशा पिकला. मीही हसलो, आणि मग माझाच राग आला.

तरी एक श्रेय द्यायलाच हवं. लायक माणसाच्याच हाती येणारा हातोडा आला तो त्या सुटलेल्या पोटाच्या थॉरकडे. शेवटच्या लढाईत जादूनं पोट आत घेतलं नाही. हे करायला हिंमत लागते.

हल्कला मात्र न्याय मिळाला नाही. ‘इन्फिनिटी वॉर’च्या सुरुवातीलाच थॅनोस त्याला बदडून काढतो आणि त्यानंतर तो बाहेर यायलाच तयार नाही. ज्याच्या अंगात हा हल्क राहतो तो शास्त्रज्ञ बॅनर विनवतो, आतून एकच उत्तर: नाही. भ्याला? की आयुष्यभर संकटापुरतं बोलावलं म्हणून रुसला? वर्षभर आम्ही मित्र यावर वाद घालत होतो. २०१९च्या एप्रिलमध्ये बघतो तर हा चष्मा लावून हॉटेलात खात बसलाय आणि पोरं त्याच्यासोबत फोटो काढतायत! अठरा महिने प्रयोगशाळेत घालवले, मेंदू आणि ताकद एक केली, संपलं. दोघांच्या समेटाचा प्रसंग आधीच्या सिनेमासाठी चित्रितही झाला होता, तो कापला. कापला तर कापला, पण मग त्या जागी काहीतरी ठेवा ना! मधला अंक रंगपटात उरकून आलेल्या नटासारखा तो वाटतो.

आणि वेळ नव्हता ही सबब सांगू नका. तीन तासांचा सिनेमा आहे.

एका वर्षी आमच्या नाटकात मुलगा गेल्याची बातमी आणणारा गडी होता. तीन वाक्यं. ते काम करणारा पोरगा काजूच्या बागेत राबायचा, तालमीला निम्मे दिवस गैरहजर. प्रयोगाच्या रात्री तो आला, उंबऱ्याशी थांबला, चपला काढल्या आणि त्या नीट जोडून ठेवत बसला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. बातमी तोंडातून फुटायच्या आधीच पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावला.

संघातली हेर नताशा, तिच्याबद्दल थोडक्यात: पाच वर्षं अ‍ॅव्हेंजर्सची कचेरी एकटीनं सांभाळली ती हिनं, जीव दिला हिनं, आणि वाट्याला आली तळ्याकाठची दोन-चार वाक्यं. टोनीच्या अंत्यविधीला मात्र अख्खं गाव. स्टीव्हच्या (कॅप्टन अमेरिकाच्या) शेवटावर मी लिहीत नाही, त्यावरून घरात भांडण झालंय.

तुम्ही थॅनोसच्या मुलीचं, नेब्युलाचं, नावच घेतलं नाहीत, म्हणून सांगतो. पुन्हा लावलात तर सुरुवात नीट बघा. अवकाशात अडकलेल्या यानात ती आणि टोनी कागदाची घडी बोटानं टिचकवून गोल मारायचा खेळ खेळतात. ती जिंकते, टोनी अभिनंदन करतो, मजा आली का विचारतो, आणि ती जरा अडखळून हो म्हणते. बहिणीशी झालेली प्रत्येक झुंज हरल्यावर बापानं हिच्या शरीराचा एकेक भाग काढून तिथे यंत्र बसवलेलं. हरली तरी काही गमवायचं नाही, असा खेळ ती बहुधा पहिल्यांदाच खेळली असेल. थॉर-हल्कच्या मानानं वाट्याला किती मिनिटं आली हिच्या? पुढे टोनी जमिनीवरच निपचित पडलेला असतो. ती त्याला उचलते, खुर्चीत नीट बसवते आणि खांद्यावर क्षणभर हात ठेवते. मला त्या चपला आठवल्या.