तळाला गेलेला क्लब वर कसा काढायचा?

‘फुटबॉल मॅनेजर’ या, प्रशिक्षक होऊन फुटबॉल क्लब चालवायच्या संगणक गेमबद्दल खान्देशातून आलेल्या पत्रांत रड बहुतेक एकच आहे: क्लब तळाला, बोर्ड नाराज, काही केलं तरी हार. २०२५ ची आवृत्ती रद्द झाली आणि २०२६ ची नोव्हेंबर २०२५ मध्ये आली, त्यामुळे बरेच जण अजून २०२४ वरच खेळतात. उत्तरं त्याच आवृत्तीला धरून दिली आहेत. २०२६ मध्ये इनबॉक्सच्या जागी पोर्टल आहे, चेंडू आपल्याकडे असताना आणि नसताना दोन वेगळ्या रचना लावता येतात आणि रोलसोबतची (खेळाडूच्या कामासोबतची) ‘ड्यूटी’, म्हणजे अटॅक, सपोर्ट की डिफेंड हा कल, काढून टाकली आहे. तेवढा फरक धरून वाचावं.

प्रश्न: चॅम्पियनशिपमधला (इंग्लंडची दुसऱ्या पायरीची लीग) क्लब नोव्हेंबरमध्ये हाती घेतला. १७ सामन्यांत ९ गुण, ३४ गोल खाल्ले, नंबर २४ वा. दर दोन सामन्यांनी फॉर्मेशन बदलून पाहिलं. क्लब खड्डामा गया, आते काय करू भाऊ? (महाविद्यालयीन वाचक, भुसावळ)

उत्तर: आधी हिशेब मांडू. चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ, प्रत्येकाचे ४६ सामने, खालचे तीन लीग वनमध्ये, म्हणजे एक पायरी खाली. प्रत्यक्षातल्या २०२३-२४ च्या हंगामात बर्मिंगहॅम सिटी ५० गुण मिळवूनही खाली गेला. पुढच्या वर्षी ल्युटन आणि हल या दोघांचे ४९-४९ गुण झाले. गोलफरकावर हल वाचला, ल्युटन गेला. म्हणून ५१ चं लक्ष्य धरा. उरलेल्या २९ सामन्यांत ४२ गुण हवेत: ११ विजय, ९ बरोबरी, ९ पराभव. नऊ वेळा हरूनही तुम्ही वाचता, हे नीट लक्षात घ्या. हरायचंच असेल तर ०-१ ने हरा, ०-५ ने नको. गोलफरक शेवटी कामाला येतो.

दर दोन सामन्यांनी फॉर्मेशन बदलणं हाच तुमचा मोठा आजार. टॅक्टिकल फॅमिलिअॅरिटीची (रचना संघाच्या किती अंगवळणी पडली याची) पट्टी भरायला काही आठवडे लागतात. ती अर्धी असताना रचना बदलली की खेळाडू पुन्हा चुकीच्या जागी उभे राहू लागतात. टॅक्टिकचे तीन कप्पे मिळतात. पहिल्यात मुख्य रचना, दुसऱ्यात तीच रचना पण एक पायरी सावध. तिसरा रिकामा ठेवला तरी चालतं. मग किमान पाच-सहा सामने हात लावू नका.

रचना कोणती, हे खाल्लेले ३४ गोल सांगतील. प्रत्येक गोल पुन्हा पाहा आणि तो कसा झाला त्यानुसार वहीत पाच रकाने करा.

क्रॉसवरून (कडेने आत टाकलेल्या चेंडूवरून) आलेले गोल जास्त असतील तर तुमचे फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, एकटे पडताहेत. पुढचा विंगर ‘इनसाइड फॉरवर्ड’ असेल तर तो मागे फार कमी येतो. त्याच्या जागी वर्क रेट (मेहनत) २० पैकी १३-१४ च्या वरचा खेळाडू ‘वाइड मिडफिल्डर’ म्हणून सपोर्ट ड्यूटीवर लावा. दोन्ही फुलबॅक अटॅक ड्यूटीवर असतील तर एकाला लगेच डिफेंडवर आणा.

पाठीमागे टाकलेल्या थ्रू बॉलवर गोल होत असतील तर डिफेन्सिव्ह लाइन (बचावफळी) फार पुढे आहे आणि सेंटरबॅक (मधले बचावपटू) हळू आहेत. पेस आणि अॅक्सिलरेशन दोन्ही ११ च्या खाली असतील तर लाइन ‘स्टँडर्ड’ किंवा एक पायरी खाली घ्या. पण त्याच वेळी ‘हाय प्रेस’ (प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच भागात गाठणं) सुरू ठेवलात तर पुढचे खेळाडू वर धावतील, मागचे खाली राहतील आणि मधे मैदान मोकळं पडेल. लाइन खाली घेतली की प्रेसही ‘मिड ब्लॉक’वर आणायचा. ही जोडी तोडणं ही पत्रांतून सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

बॉक्सच्या बाहेरून मोकळे फटके बसत असतील तर बचावफळीपुढे कोणी नाही. एक ‘अँकर’ (बचावापुढे थांबणारा मिडफिल्डर) लावा, ४-१-४-१ करा. पोझिशनिंग, कॉन्सन्ट्रेशन आणि टॅकलिंग चांगलं असेल तर त्या जागी वयस्क खेळाडूही चालतो.

आपल्याच चुकीच्या पासवर गोल खाल्ले असतील तर ‘प्ले आउट ऑफ डिफेन्स’ (मागून छोटे पास देत वर येणं) काढून टाका. सेंटरबॅकचं पासिंग, फर्स्ट टच आणि कंपोजर ८-९ असताना ही सूचना देणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आमंत्रण. गोलकीपरला लांब, टार्गेट फॉरवर्डकडे चेंडू द्यायला सांगा. मात्र त्या फॉरवर्डचा जंपिंग रीच खरोखर चांगला हवा, नाहीतर चेंडू तसाच परत येतो.

पाचवा रकाना सेट-पीसचा, म्हणजे कॉर्नर आणि फ्री किकचा. कॉर्नरवर सर्वांत उंच दोघे जवळच्या खांबापाशी आणि सहा यार्डांच्या मध्यभागी हवेत. तिथे बुटका फुलबॅक उभा असेल तर बदला. आठवड्यात एक सेट-पीसचं सत्र ठेवा.

मेंटॅलिटी (संघाचा पवित्रा) ‘कॉशस’ किंवा ‘बॅलन्स्ड’ ठेवा. ‘व्हेरी डिफेन्सिव्ह’ नको. त्यात संघ चेंडू नुसता बाहेर फेकतो, तो मिनिटाभरात परत येतो आणि ७० व्या मिनिटाला पाय जड होतात. सूचना पाच-सहाच द्या. ‘काउंटर’ चालू, चेंडू गेल्यावर ‘काउंटर-प्रेस’ (लगेच पाठलाग) ऐवजी ‘रीग्रुप’ (मागे येऊन जागा धरणं). मंगळवार-शनिवार सामने असतात, सतत पाठलाग करायला तुमच्याकडे माणसं नाहीत.

सरावातही तेच. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी रिकव्हरी आणि विश्रांती, मधल्या दिवशी एक बचावाचं सत्र, सामन्याआधी मॅच प्रीव्ह्यू. हंगामाआधीची जड शारीरिक सत्रं आता लावली तर पंधरा दिवसांत दवाखाना भरेल.

सहा सामन्यांनंतर गुण पाहू नका, डेटा हबमधला (आकडेवारीच्या पानावरचा) प्रतिस्पर्ध्यांचा एक्सजी, म्हणजे मिळालेल्या संधींवरून अपेक्षित गोल, पाहा. तो सामन्याला २ वरून १.२ वर आला असेल आणि तरी गोल बसत असतील तर रचना बरोबर आहे. गोलकीपर बदला किंवा थोडं थांबा. एक्सजी हललाच नसेल तर रचना चुकली आहे.

प्रश्न: सराव चुकवला म्हणून कॅप्टनला दोन आठवड्यांच्या पगाराचा दंड केला. आता आठ खेळाडू रुसलेत, मोराल (मनोबल) लाल आहे. टीम मीटिंग घेतली तर आणखी बिघडलं. (वाचक भगिनी, धुळे)

उत्तर: ताई, दंड चुकीचा नव्हता, माणूस पाहून करायला हवा होता. ‘डायनॅमिक्स’च्या पानावर खेळाडूंच्या वजनाची उतरंड असते. वरच्या पायरीवरच्या ‘टीम लीडर’ला दुखावलं की त्याच्या सोशल ग्रुपमधले सगळे त्याच्या मागे जातात. अशाला पहिल्या वेळी फक्त ताकीद द्यायची. उतरंडीत खाली असलेल्या, कोणत्याच गटात नसलेल्या खेळाडूला दंड केला तर फारसं कोणी बोलत नाही. हे न्याय्य नाही, पण गेम असाच चालतो आणि खऱ्या ड्रेसिंग रूमही फार वेगळ्या नसाव्यात.

आता लगेच दुसरी मीटिंग नको. मोराल पडलेलं असताना मीटिंगमध्ये ‘कामगिरी सुधारा’ म्हटलं की उलटतं, कारण ज्यांचं डिटरमिनेशन आणि दडपण झेलण्याची ताकद कमी ते खचतात. एक सामना जिंका किंवा निदान बरोबरीत सोडवा. त्यानंतर गेल्या दोन-तीन सामन्यांत ७ च्या वर रेटिंग मिळवणाऱ्यांचं एकेकट्याने कौतुक करा, त्यात रुसलेल्या गटातलाही एखादा घ्या. सामन्याआधी बलाढ्य संघासमोर दडपण काढणारं बोला. मैदानावर बॉडी लँग्वेज ‘नर्व्हस’ दिसली तर ‘एन्करेज’ (धीर द्या), ‘कम्प्लेसंट’ (गाफील) दिसली तरच ‘डिमांड मोअर’. हरताना ‘बेरेट’ (खडसावणं) हा पर्याय विसरा.

आणि रुसवा काढायला खेळवण्याचं किंवा नवा करार देण्याचं आश्वासन देऊ नका. गेम मुदत लक्षात ठेवतो. मोडलेल्या शब्दाची किंमत दंडापेक्षा जास्त.

प्रश्न: क्लब कर्जात, पगाराची मर्यादा ओलांडलेली. नवीन खेळाडू घ्यायला पैसे नाहीत. जुने काढायचे तरी कसे? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, जळगाव)

उत्तर: केळीच्या पिलबागेत एकच जोमदार पील ठेवून बाकीची कापतात. संघाचंही तसंच करा. मात्र इथे कापायलाही खर्च येतो. आठवड्याला १२,००० पौंड घेणारा, अडीच वर्षं करार उरलेला राखीव खेळाडू म्हणजे १३० आठवड्यांचे १५ लाख ६० हजार पौंड. ‘म्युच्युअल टर्मिनेशन’ (दोघांच्या संमतीने करार संपवणं) केलंत तर यातला मोठा भाग एकदम मोजावा लागतो, म्हणून तो मार्ग शेवटचा. त्याआधी त्याला फुकट ट्रान्सफरवर देऊ करा. कोणी घेतला नाही तर लोनवर (दुसऱ्या क्लबला उसना) द्या आणि समोरच्याने निम्मा पगार भरला तरी हो म्हणा. आठवड्याला ६,००० वाचले हेही थोडं नाही.

ट्रान्सफर बजेटमध्ये थोडी रक्कम पडून असेल तर ‘अॅडजस्ट बजेट’ची पट्टी पगाराकडे सरकवा. तळाच्या क्लबला विकत घेण्यापेक्षा लोन आणि करार संपलेले मुक्त खेळाडू जास्त उपयोगाचे. बहुतेक लीगमध्ये विंडो (खेळाडू खरेदीची मुदत) बंद झाल्यावरही मुक्त खेळाडू घेता येतो. हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात ते दारही बंद होतं, म्हणून नियमांचं पान बघून ठेवा. इंग्लंडच्या खालच्या तीन व्यावसायिक लीगमध्ये एका सामन्याच्या चमूत लोनचे पाचच खेळाडू घेता येतात. सात आणलेत तर दोघांचा पगार बसून जाणार. लोन घेताना मासिक फी वेगळी असते, ती पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

नव्या करारात दोन कलमं घाला: संघ खाली गेला तर पगारकपात, आणि मूळ पगार कमी ठेवून सामन्यागणिक भत्ता. एजंट बदल्यात रिलीज क्लॉज (ठरलेली रक्कम कोणी दिली की खेळाडूला सोडायचं, हे कलम) मागेल. रक्कम बरी असेल तर द्या. ३१-३२ वर्षांच्या खेळाडूला एका वर्षापेक्षा जास्त करार मात्र नको, तो कितीही गोड बोलला तरी.

प्रश्न: इंग्लंडच्या क्लबमध्ये भारतीय खेळाडू आणता येत नाही. गेममध्ये चूक आहे का? (वाचक, अमळनेर)

उत्तर: चूक नाही. ब्रेक्झिटनंतर परदेशी खेळाडूला तिथे जीबीई नावाच्या, खेळण्याच्या परवान्यासाठीच्या गुणपद्धतीत १५ गुण लागतात. राष्ट्रीय संघाकडून खेळल्याचे गुण फिफा क्रमवारीत पहिल्या ५० मधल्या देशांनाच मिळतात आणि भारत त्याच्या बराच खाली आहे. २०२३ पासून क्लबना काही मोजक्या सवलतीच्या जागा मिळाल्या, पण त्यांनाही अटी आहेत. हौस असेल तर ज्या देशात परवान्याचा नियम ढिला आहे तिथला क्लब घ्या.

प्रश्न: ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. मे महिन्यात दुपारी गेम अडकतो, आणि वीज गेली की सेव्ह फाइल खराब होते. (वाचक, चोपडा)

उत्तर: एकाच देशाच्या दोन डिव्हिजन लोड करा, डेटाबेस ‘स्मॉल’ निवडा. नवा गेम सुरू करतानाच हे ठरतं, नंतर डेटाबेस लहान करता येत नाही. सामना २डी क्लासिकमध्ये पाहा. आपल्याकडे पारा ४४ च्या पुढे गेला की लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तो गादीवर न ठेवता फळीवर ठेवा, मागची जाळी झटकून घ्या आणि बरेच दिवस एकदम पुढे ढकलण्याचं काम सकाळी उरका.

फाइल खराब होते ती सेव्ह चालू असताना वीज गेल्यावर. बॅटरी मेली असेल तर हे होणारच. ऑटोसेव्ह आठवड्याला ठेवा आणि शिवाय दोन वेगळ्या नावांनी आलटून पालटून सेव्ह करा, म्हणजे एक गेली तरी दुसरी उरते. डॉक्युमेंट्समध्ये स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह, त्यात फुटबॉल मॅनेजर २०२४, त्यात ‘गेम्स’ हा फोल्डर. महिन्यातून एकदा तो पेन ड्राइव्हवर उतरवा.

प्रश्न: हरलो की मागची सेव्ह उघडून पुन्हा खेळतो. यात गैर काय? (वाचक, शहादा)

उत्तर: गैर काही नाही, गेम तुमचा आहे. तोटा मात्र आहे. तोच सामना तीनदा खेळला तर तीन वेगळे निकाल लागतात, आणि चौथ्यांदा जिंकलात की रचना जमली असं वाटतं. ती जमलेली नसते.

प्रश्न: नोकरीवरून काढलं तर गेम संपतो का? (वाचक, चाळीसगाव)

उत्तर: नाही. जॉब सेंटरमध्ये अर्ज करायचे. अडचण वेगळीच असते: सुरुवातीला प्रोफाइल बनवताना अनुभव ‘संडे लीग’ आणि कोचिंगचं प्रमाणपत्र काहीच नाही असं निवडलेलं असेल तर नाव फार छोटं राहतं आणि वरचे क्लब मुलाखतीलाही बोलावत नाहीत. अशा वेळी दोन पायऱ्या खालचा क्लब घ्या. मुलाखतीत बोर्डाला पहिल्या वर्षाचं ध्येय ‘खाली न जाणं’ एवढंच सांगा आणि प्रमाणपत्राच्या कोर्सचा खर्च करारातच मागून घ्या. नंतर मागितला तर क्लबची तिजोरी बघून बरेचदा नकार येतो.