‘समजलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

वाचकांचे प्रश्न

मी बोलायला लागले की नवरा ‘कळलं, कळलं’ म्हणतो आणि लगेच उपाय सांगतो. लग्नाला अठरा वर्षं झाली. आता न सांगता कळायला नको का?

अठरा वर्षांच्या सहवासाने एकमेकांच्या सवयी कळतात. आज मनात काय आहे, ते नाही. सावित्स्की, कीसार, एपली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना दोन अर्थ निघतील अशी साधी वाक्यं बोलायला लावली होती. त्यांचा रोख ओळखण्यात जोडीदार परक्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. बोलणाऱ्यांची खात्री मात्र जोडीदारावर जास्त होती. परक्याला आपण फोड करून सांगतो, घरच्या माणसाशी बोलताना अर्धं मनातच ठेवतो आणि ते पोचलं असं धरून चालतो.

मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1951 साली एका भाषणात सुचवलेला नियम यावर अजूनही उत्तम चालतो: समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं सांगून दाखवल्याशिवाय स्वतःचं मत मांडायचं नाही. करायचं असं. तुम्ही दोन-तीन मिनिटं, एकाच विषयावर बोला आणि थांबा. नवऱ्याने स्वतःच्या शब्दांत तीन गोष्टी सांगायच्या: काय घडलं, त्याचं तुम्हाला काय वाटलं, तुम्हाला काय हवंय. काही सुटलं तर तुम्ही तेवढंच दुरुस्त करायचं. ‘हो, असंच’ हे शब्द तुमच्या तोंडून आले की मग त्यांची पाळी.

हे फसतं ते ठरावीक ठिकाणी. तुमचीच वाक्यं पोपटासारखी परत आली, तर त्यांना अर्थ लागला की नाही ते कळत नाही. ‘म्हणजे सगळा दोष माझाच’ हा प्रतिटोला झाला, सांगून दाखवणं नव्हे. आणि तुम्ही वीस मिनिटं अखंड बोललात, तर कुणालाही धागा सापडणार नाही. भांडण पेटलेलं असताना हा प्रयोग करू नका. राग निवल्यावर करा. रोजच्या भाजी-किराण्याच्या बोलण्यात तर नकोच, वैताग येतो.

उपायांबद्दल: सुरुवातीलाच सांगा, ‘आज फक्त ऐकून घे’ किंवा ‘यावर काय करू ते सुचव’. ताकाला जाऊन भांडं लपवलं की भांडं रिकामंच परत येतं.

हाताखालच्या नव्या मुलांना काम समजावून सांगतो. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात, आणि काम चुकतं. खोटं का बोलतात?

बहुतेक जण खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच समजल्यासारखं वाटतं. शिवाय ‘नाही’ म्हणणं म्हणजे चारचौघांत स्वतःला मठ्ठ ठरवणं. चूक प्रश्नाची आहे.

थोडी तुमचीही आहे. मानसशास्त्राच्या संशोधक एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. निम्मी गाणी तरी ऐकणाऱ्यांना ओळखता येतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक. अनुभवी माणूस काम सांगतो तेव्हा असंच होतं.

तेव्हा प्रश्न बदला: ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. आता पहिल्यांदा काय करशील? मग? अमुक अडलं तर?’ सांगण्याची जबाबदारी तुम्ही घेतली की त्याला लाज वाटत नाही. रुग्णाला औषधं समजावतानाही हीच रीत वापरतात. एका वेळी तीन-चार पायऱ्याच सांगा. तो चुकला, तर तेच वाक्य मोठ्या आवाजात म्हणू नका. वेगळ्या शब्दांत सांगा आणि पुन्हा वदवून घ्या.

विमानवाहतुकीत नियंत्रकाने दिलेल्या परवानगीतले महत्त्वाचे भाग वैमानिकाने परत म्हणून दाखवायचे असतात. तरीही 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून 583 माणसं गेली. ‘आता आम्ही उड्डाणावर आहोत’ या अर्थाचं एक संदिग्ध वाक्य एका विमानातून आलं. विमान धावू लागलं होतं. नियंत्रकाला वाटलं, ते जागेवर उभं आहे. त्याने ‘ओके’ म्हटलं. आज ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात, एरवी ‘डिपार्चर’. तुमच्या कामातही असे दोन अर्थांचे शब्द असतील. ते शोधून प्रत्येकाचा एकच अर्थ ठरवून टाका.

वाचताना सगळं समजतं, पेपरात मात्र लिहिता येत नाही. असं का?

वाचताना येते ती फक्त ओळख, स्वतः मांडता येणं वेगळं. रोझेनब्लिट आणि काइल या संशोधकांनी 2002 साली दाखवलं, की कपड्याची चेन किंवा कुलूप कसं चालतं हे आपल्याला ठाऊक आहे असं लोकांना वाटतं. पायरीपायरीने लिहायला सांगितलं की तेच लोक स्वतःला कमी गुण देतात. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या, दहा मिनिटं लिहा. ‘आणि मग ते होतं’ असं वाक्य जिथे येईल, तिथे भोक आहे. तेवढाच भाग परत वाचा. शेवटी शिकलेल्या संकल्पनेचं स्वतःचं एक उदाहरण द्या, आणि तिच्या व्याख्येत न बसणारं एक.

मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो, तरी ती म्हणते, ‘बाबा, तुम्हाला काही कळत नाही.’

तिच्या जागी तुम्ही उभे राहिलात, तरी तिथे तुम्हीच असता. इयाल, स्टेफेल आणि एपली यांच्या 2018 सालच्या 25 प्रयोगांत दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून लोकांचे अंदाज सुधारले नाहीत. त्यालाच विचारल्यावर सुधारले.

म्हणून विचारा, पण ‘का केलंस?’ नको. तो जाब वाटतो. ‘काय झालं? मग?’ पुरे. एक प्रश्न विचारून गप्प बसा. बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भागच लागतो, त्यामुळे तीन सेकंदांची शांतताही टोचते आणि आपण ती उपदेशाने भरतो. मनात दहा आकडे मोजा.

बऱ्याच बापांना भीती असते, की ‘कळलं’ म्हटलं तर ‘पटलं’ असं होईल. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, ते वेगळेच वापरा: ‘तुला रात्री थांबायचंय, कारण सगळ्या मैत्रिणी थांबणार आहेत. हे कळलं. पटलेलं नाही, त्यावर उद्या बोलू.’ आणि उद्या खरंच बोला.