एमएस्सी करू की बीएड?

मी करिअर समुपदेशन करते. निकाल लागले की माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन मुलं येतात. चोपड्याहून, पारोळ्याहून, कधी थेट शहाद्याहून. “मॅडम, पुढे काय करू?” कॉलेजं, फी, कटऑफ, सगळं त्यांना पाठ असतं. घोडं अडतं ते भलतीकडेच.

तेजस्विनी (नाव आणि काही तपशील बदललेत) अमळनेर तालुक्यातली. केमिस्ट्रीत बीएस्सी, फर्स्ट क्लास. घरची कोरडवाहू कापसाची शेती. पहिल्याच भेटीत तिने फाइलमधून चार कोर्सेसचे कागद काढून टेबलावर मांडले: एमएस्सी, बीएड, एमबीए आणि डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फी, गाडीचा पास आणि मेस यांची बेरीज. बीएड-एमबीएच्या कागदावर ‘मुलींना माफी’ असंही लिहिलेलं. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, हेही तिला ठाऊक होतं. इतका हिशोब करूनही तिचं ठरत नव्हतं.

पहिल्या भेटी आवडनिवड तपासण्यात गेल्या. त्यातून फारसं काही निघालं नाही. एकदा ती सहज बोलून गेली, “आजी रोज म्हणते, इतलं शिकीसनी काय करशी? आणि मावशीने एक स्थळ आणलंय.”

मी विचारलं, “समजा, घरात दोन वर्षं कुणी लग्नाचं नावच काढलं नाही. मग यातला कुठला फॉर्म भरशील?”

ती चारही कागदांकडे पाहत राहिली. मीही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवणं मला बऱ्याच वर्षांच्या सरावाने जमू लागलंय.

“आत्ता? एकही नाही,” ती म्हणाली. “आधी नोकरी करून बघेन. लॅबमध्ये. कॉलेजात प्रॅक्टिकलच तेवढं आवडायचं.”

माणूस एखादी गोष्ट का करतो, यापेक्षा कशासाठी करतो ते शोधावं, हे मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलरकडून घेतलं आणि ते मला कायम उपयोगी पडलंय. तेजस्विनीला दोन वर्षं हवी होती, डिग्री ही फक्त त्याची सबब होती. ‘शिकतेय’ म्हटलं की स्थळं थांबतात. मुलांच्या बाबतीत हीच डिग्री ‘रिकामा बसलाय’ या टोमण्यावर उत्तर असते. चुकीचं काही नाही त्यात, फक्त महाग पडतं. दोन वर्षांनी हातात मार्कशीट येते आणि प्रश्न होता तिथेच असतो.

मग आम्ही कोर्सेस बाजूला ठेवून वडिलांशी काय बोलायचं, त्याची तयारी केली. पुढच्या वेळी ती वडिलांनाच घेऊन आली. “पप्पा, मला दोन वर्षं लग्न नको. नोकरी करायचीय,” एवढंच ती एका दमात बोलली.

ते जरा चिडूनच म्हणाले, “मग हे आधी सांगायचं ना बेटा! तुझ्या फीसाठी म्हणून मी घरातला कापूस भाव नसताना विकून टाकला.”

बापलेकीत इतके दिवस फक्त फीबद्दल बोलणं होत होतं. बहुतेक घरांत तसंच होतं.

तिला जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये क्वालिटी कंट्रोलला काम मिळालं. पगार बेताचा. पण वर्षभरात कुठल्या जागेला नुसती बीएस्सी चालते आणि कुठे एमएस्सीच मागतात, हे तिला आतून कळलं.

तुमचंही असंच अडलं असेल तर प्रॉस्पेक्टस मिटवा आणि दोन वर्षांपूर्वी तोच कोर्स केलेल्या कुणालातरी गाठून, आत्ता काय करतोस ते विचारा. प्राध्यापक व्हायचं असेल तर नुसती एमएस्सी पुरत नाही, पुढे नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा आहे. त्यासाठी खुल्या आणि ईडब्ल्यूएस गटाला पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, इतर राखीव गटांना ५०. नोकरी सांभाळून शिकायचं तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, पण प्रॅक्टिकलचा विषय शक्यतो कॉलेजात जाऊनच करावा, असं माझं मत. आणि पालकांनो, ‘फी किती?’ याच्या आधी ‘हे तुला कशासाठी हवंय?’ एवढं विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर घाई करू नका.

तेजस्विनीने यंदा एमएस्सीचा फॉर्म भरलाय, ॲनालिटिकल केमिस्ट्रीचा. पहिल्या वर्षाची फी तिच्या पगारातून. मावशी अजून स्थळं आणते, आणि तेजस्विनी तिला सरळ ‘नको’ सांगते.