डोळ्यातल्या चिपसाठी उसाचं रान विकायचं का?

प्रश्न : माझे मिस्टर (वय ४४) पन्हाळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारामुळे त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. शाळेत अजून सांगितलेलं नाही. वह्या रात्री मी तपासते. फळ्यावरचं नीट उमटलंय का, हे ते पहिल्या बाकावरच्या मुलीला हळूच विचारतात. पुण्याच्या एका एजंटनं आम्हाला व्हिडिओ दाखवला. त्यात एक आजी डोळ्यात चिप बसवल्यावर अक्षरं वाचतात. परदेशातल्या ‘ट्रायल’मध्ये नंबर लावतो म्हणून त्यानं २ लाख ४० हजार घेतले, १ लाख फोनवरून, बाकी रोख. सहा पानी इंग्रजी फॉर्मवर सही घेताना मिस्टरांचं बोट धरून त्यानंच रेघेवर टेकवलं. आता आणखी १८ लाख मागतोय. मिस्टर आणि दीर यांच्या सामाईक ३० गुंठ्यांचा इसार गुरुवारी घ्यायचा ठरलाय. नजर आली की शाळेत काही सांगायलाच नको, असा विचार आहे. काय करावं?

ताई, गुरुवारचा इसार आधी थांबवा. बाकी सगळं त्यानंतर. एकदा लेखी करार करून इसार घेतला की तो परत करून मोकळं होता येईल, असं धरून चालू नका. समोरची पार्टी खरेदीखत करून मिळावं म्हणून दावा लावू शकते, आणि स्पेसिफिक रिलीफ कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर अशा दाव्यात कोर्टाला नाही म्हणायला फार थोडी जागा उरली आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही विचारलंय चिपबद्दल, पण घाई चालली आहे ती नोकरीच्या भीतीनं. ‘शाळेत काही सांगायलाच नको’ या एका वाक्यापायी रान विकायला निघाला आहात. म्हणून नोकरीचं आधी सांगतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम २०(४). सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, तर त्याला कामावरून काढता येत नाही आणि खालच्या पदावरही ढकलता येत नाही. आहे ते काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तशी जागाच नसेल, तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादाच्या पदावर ठेवायचं, म्हणजे पगार चालूच. जिल्हा परिषद सरकारी आस्थापनेच्या व्याख्येत येते. याआधीच्या १९९५ च्या कायद्यातही असंच संरक्षण होतं आणि सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये कुणाल सिंग प्रकरणात ते ठामपणे उचलून धरलं.

कार्यालयात एक खोच काढली जाऊ शकते : ‘आजार आनुवंशिक आहे, म्हणजे नोकरीला लागतानाच होता.’ त्याला घाबरू नका. आजाराचं बीज जन्मापासूनचं असेल, पण कायदा दिव्यांगत्व कधी आलं ते बघतो. गुरुजींच्या सेवापुस्तकात नियुक्तीच्या वेळचा वैद्यकीय दाखला असेल, त्याची प्रत आजच काढून ठेवा. आणि कोणी कितीही प्रेमानं सुचवलं तरी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू नका. ती एकदा मंजूर झाली की कलम २०(४) मागणं फार अवघड होऊन बसतं.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाऊन गुरुजींचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी किंवा दृष्टीचं क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी, ही कायद्यातली अंधत्वाची व्याख्या आहे. या आजारात कडेची नजर आधी जाते, म्हणून डॉक्टरांना फील्ड टेस्ट करायला आवर्जून सांगा. प्रमाणपत्र जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर पुण्यात दिव्यांग आयुक्त आहेत. त्यापुढे उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, मुंबईच्या खेपा नाहीत.

आता चिप. व्हिडिओतली आजींची गोष्ट खोटी असेलच असं नाही, पण ती गुरुजींच्या आजाराची दिसत नाही. युरोपात ज्या ‘प्रिमा’ चिपची चाचणी झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये निष्कर्ष छापून आले, ती वयोमानानं डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो त्या रुग्णांसाठी होती. २ मिलिमीटरची चिप आणि कॅमेऱ्याचा चष्मा. ३८ जणांना ती बसवली, वर्षभरानं तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांच्या वाचण्यात चांगला फरक पडला. मोठी गोष्ट आहे, मला वाचून खरंच आनंद झाला. पण त्या रुग्णांची कडेची नजर शाबूत होती. गुरुजींचं नेमकं उलटं आहे.

गुरुजींच्या आजारासाठी जे यंत्र आलं ते ‘आर्गस टू’. ६० इलेक्ट्रोड. युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. त्यानं उजेड-अंधार कळायचा, दाराची चौकट कळायची. माणसाचा चेहरा नाही. जगभरात साधारण साडेतीनशे लोकांनी ते बसवलं. कंपनीनं २०१९ मध्ये त्याचं काम थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी घरी बसवले, आणि यंत्र बिघडलं तर जायचं कुठं, हे त्या लोकांना कळेना. डोळ्यात बसवलेली वस्तू पंपाच्या मोटारीसारखी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेता येत नाही. म्हणून उद्या एखादी खरी संधी चालून आली तरी दुरुस्ती कोण करणार, काढायची वेळ आली तर खर्च कोणाचा, एमआरआय चालेल का, हे लेखी मागा.

ट्रायलचं तर अगदी सरळ आहे : ट्रायलमधली जागा विकत मिळत नाही. भारतात अशा उपकरणाच्या चाचणीला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि नीतिमत्ता समितीची मान्यता लागते, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सीटीआरआय या नोंदवहीत तिची नोंद करावी लागते. चाचणीतल्या उपचाराचा खर्च रुग्णावर टाकायचा नाही, असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. शिवाय दिव्यांग व्यक्तीला कोणत्याही संशोधनात घेण्याआधी तिला समजेल अशा रीतीनं माहिती देऊन मुक्त संमती घ्यावी लागते. हे २०१६ च्याच कायद्यातलं कलम ६. इंग्रजी सहा पानं आणि धरलेलं बोट याला संमती म्हणत नाहीत. तेव्हा ‘पैसे परत मिळणार नाहीत’ अशी ओळ त्या फॉर्ममध्ये असली तरी खचू नका.

एजंटला वकिलामार्फत १५ दिवसांची नोटीस पाठवा. उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगात तक्रार करा. तो पुण्याचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरातच, तक्रार लावता येते. मुदत २ वर्षांची. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. रोख १ लाख ४० हजारांची पावती नसेल, तर पैसे घेतल्याचं त्याच्या तोंडून आलेले व्हॉट्सॲप संदेश, व्हॉइस नोट जपा. फोन बदलू नका, काही डिलीट करू नका. तो व्हिडिओही ठेवा. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत अंधत्वाचं नाव आहे, त्यामुळे अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार देता येईल. ट्रायलच बनावट निघाली तर ही फसवणूक आहे : भारतीय न्याय संहिता, कलम ३१८(४), ७ वर्षांपर्यंत शिक्षा. पोलिसात जायला संकोच करू नका.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला आणि दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुम्ही दोघंही त्यात बसता.

शिक्षणाधिकाऱ्यांचा अर्ज मराठीत, एका पानाचा लिहा. लिहून झाला की गुरुजींना सगळा मोठ्यानं वाचून दाखवा, त्यांना बदलायचं असेल ते बदला. सहीच्या रेघेवर कागदाला घडी घाला, म्हणजे जागा त्यांच्या बोटाला आपोआप लागेल.