साथ चालू असताना विमानसेवा पुन्हा सुरू करायची, तर नेमकं काय काय सांभाळावं लागतं?

तुमचा प्रश्न असा: कोविडसारखी साथ संपलेली नसताना, अर्थव्यवस्थेचा गाडा चालू राहावा म्हणून विमानं उडवणं सुरक्षितपणे जमतं का? जमतं. पण लोक ज्याला सगळ्यात जास्त घाबरतात, ती उडत्या विमानातली हवा ही त्यातली सोपी बाजू आहे. गोम जमिनीवर आहे.

उडत्या जेट विमानात केबिनची हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते. जवळपास निम्मी बाहेरून येते आणि निम्मी हेपा फिल्टरमधून गाळून परत येते. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. हवा डोक्यावरून येते आणि बरीचशी त्याच रांगेच्या पायापाशी असलेल्या जाळीतून खेचली जाते. मात्र हे सगळं यंत्रणा चालू असेल तरच. विमान उभं असतं तेव्हा मुख्य इंजिनं बंद असतात आणि शेपटातलं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, हवा खेळती ठेवतं. इंधन वाचवायला तेही बंद केलं, तर बाहेरून दुसरी सोय नसताना केबिन म्हणजे दारं लावलेली खोली.

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस दुबईहून ऑकलंडला गेलेलं विमान घ्या. वाटेत क्वालालंपूरला इंधन भरताना एपीयू सुमारे अर्धा तास बंद होतं. ८६ प्रवाशांपैकी ७ जण न्यूझीलंडच्या विलगीकरणात बाधित निघाले, आणि ते सातही जण जवळजवळच्या चार रांगांत बसलेले होते. सातही नमुन्यांची जनुकीय रचना एका बदलाचा अपवाद सोडता तंतोतंत सारखी निघाली, म्हणजे काहींना तरी विमानातच लागण झाली असणार. यातल्या पाच जणांकडे निघण्यापूर्वीची निगेटिव्ह चाचणी होती. ‘रिपोर्ट निगेटिव्ह, मग काय काळजी’ म्हणणाऱ्यांनी हे एकच उदाहरण लक्षात ठेवावं. नुकतीच लागण झालेल्या माणसाची चाचणी पहिले काही दिवस निगेटिव्ह येऊ शकते. थर्मल गनचं तर विचारूच नका, लक्षणं नसलेल्याला ताप कुठून येणार?

म्हणून चाचणीची मुदत मोजायची ती स्वॅब दिला त्या वेळेपासून, रिपोर्ट हातात आला तेव्हापासून नव्हे. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर लावली, तेव्हा विमान उतरण्याच्या वेळेआधीचे ७२ तास धरले होते. रिपोर्ट नसेल त्याची चाचणी विमानतळावरच, स्वखर्चाने.

गर्दी कुठे होते ते पाहा: बॅग देण्याची रांग, सुरक्षा तपासणी, एरोब्रिज (विमानाच्या दाराला जोडलेला बंदिस्त पूल), आणि विमान थांबल्याबरोबर उठून उभं राहण्याची आपली जुनी खोड. यावर उपाय साधे आहेत. वेब चेक-इन सक्तीचं, बॅग एकच, मागच्या रांगा आधी चढवायच्या आणि उतरताना रांगेनुसार उठवायचं. जेवण छोट्या प्रवासात द्यायचंच नाही, कारण सगळ्यांचे मास्क एकाच वेळी खाली येतात.

मधली सीट रिकामी ठेवण्यावरून बराच वाद झाला, कोर्टापर्यंत गेला. जून २०२० मध्ये डीजीसीएने, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाने, शक्य तिथे ती रिकामी ठेवा, नाहीतर तिथल्या प्रवाशाला गाऊन द्या असं सांगितलं. हिशोब करा: १८० सीटच्या एअरबस ए३२० विमानात ६० जागा जातात आणि दोघांमध्ये जेमतेम दीड फूट सुटतो. माझ्या मते हा सौदा महागात पडतो. तोच आग्रह मास्कसाठी धरावा.

भारतात २५ मे २०२० ला देशांतर्गत विमानं सुरू झाली, उन्हाळी वेळापत्रकाच्या एक तृतीयांश. घोषणा आणि पहिलं उड्डाण यांत जेमतेम पाच दिवस. तिकिटं विकली गेली, आणि राज्यांचे नियम मागून आले. महाराष्ट्राने मुंबईला दिवसाला २५ उड्डाणं आणि २५ आगमनांनाच परवानगी दिली, आंध्रने २६ ला आणि बंगालने २८ ला सुरुवात केली. विलगीकरण किती दिवसांचं, घरी की हॉटेलात, हे राज्याराज्यांत वेगळं. पहिल्याच दिवशी शेकडो उड्डाणं रद्द झाली. क्रम उलटा हवा होता: आधी उतरणाऱ्या राज्याचा नियम, मग तिकीटविक्री.

एक गोष्ट मात्र चांगली जमली, ती म्हणजे क्षमतेचा नळ: नेहमीच्या उड्डाणांपैकी किती टक्क्यांना परवानगी, हे टप्प्याटप्प्याने ठरवणं. ३३ टक्क्यांवरून ४५, ६०, ७० आणि डिसेंबर २०२० पर्यंत ८०. दुसऱ्या लाटेनंतर १ जून २०२१ पासून परत ५०. आणि १८ ऑक्टोबर २०२१ ला पूर्ण १००. सगळं बंद किंवा सगळं चालू, यापेक्षा हे कधीही बरं. भाड्याला वरची मर्यादा होती तशी खालचीही होती, दिल्ली-मुंबईला सुरुवातीला ३,५०० ते १०,००० रुपये. वरची प्रवाशासाठी, खालची कंपन्यांनी एकमेकींना बुडवू नये म्हणून. ही भाडेमर्यादा ऑगस्ट २०२२ च्या अखेरपर्यंत ताणली, हे मला पटत नाही.

यंत्रांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. उभ्या विमानाच्या पिटो नळीत (हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळीत) किडे घर करतात आणि वेग चुकीचा दिसतो. जुलै २०२० मध्ये अमेरिकेने बोइंग ७३७ साठी तातडीचा आदेश काढला: सात किंवा जास्त दिवस उभ्या राहिलेल्या विमानांत इंजिनाच्या हवेचे व्हॉल्व्ह गंजून अडकत होते आणि इंजिन बंद पडत होतं. वैमानिकालाही गेल्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग हवीत; नसतील तर आधी सिम्युलेटरवर सराव. सिम्युलेटरची ही रांग सुरुवातीच्या तारखेच्या महिनाभर आधीच लावावी लागते.

आणि अर्थव्यवस्था म्हणजे फक्त पर्यटक नव्हेत. प्रवासी विमानाच्या पोटात माल जातो. ती थांबली की औषधं आणि सुटे भागही अडकतात. १२ जानेवारी २०२१ ला पुण्याहून दिल्लीला कोव्हिशील्डचा पहिला साठा गेला तो नेहमीच्या विमान कंपनीनेच नेला: ३४ खोकी, १,०८८ किलो.