घरचे मैदान कोणते धरायचे?

या वेळच्या टपालात स्पेनमधल्या फुटबॉल मैदानांवर बरीच पत्रे आहेत. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो आणि आजची सगळी जागा या पत्रांना देतो.

एफसी गोवाकडून खेळणारा कोरो आम्ही फातोर्ड्यावर डोळे भरून पाहिला. त्याचा जुना क्लब एस्पान्योल. पण जुन्या मोसमांच्या नोंदी चाळल्या, तर या क्लबचे घरचे मैदान कधी सारिया, कधी मोंजुइक, कधी कोर्नेया असे दिसते. कोरो नेमका कुठे खेळला? आणि एका क्लबची एवढी बिऱ्हाडे कशी? – एक वाचक, मडगाव

कोरोचे उत्तर आधी देतो: मोंजुइक. फेरान कोरोमिनासची एस्पान्योलमधली बहुतेक वर्षे बार्सिलोनाच्या त्या टेकडीवरच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये गेली. एस्पान्योलचे लोक त्याला ज्या गोलासाठी ओळखतात तोही तिथलाच. मे २००६ मध्ये मोसमाचा शेवटचा सामना रेआल सोसिएदादशी होता आणि नव्वद मिनिटे संपली तरी ०-० अशीच बरोबरी होती. ती टिकली असती तर एस्पान्योल दुसऱ्या श्रेणीत गेला असता. भरपाईच्या वेळेत कोरोने गोल केला, एस्पान्योल वाचला आणि त्याच्या जागी अलावेस खाली गेला. गोव्यासाठी त्याने इंडियन सुपर लीगमधल्या स्वतःच्या पहिल्या दोन मोसमांत १८ आणि १६ गोल केले आणि दोन्ही वेळा तोच लीगमध्ये अव्वल ठरला. तुमच्याकडे त्याच्या गोलांची मोजदाद होते, बार्सिलोनात मात्र तो एकच गोल पुरतो.

आता बिऱ्हाडांचे. एस्पान्योलचे खरे घर सारिया. १९२३ ते १९९७ अशी चौऱ्याहत्तर वर्षे क्लब तिथे होता. स्पॅनिश लीगच्या इतिहासातला पहिला गोल याच मैदानावर झाला: १० फेब्रुवारी १९२९, रेआल उनिऑन दे इरुनविरुद्ध, एस्पान्योलच्या पितूस प्रातने केलेला. ५ जुलै १९८२ ला विश्वचषकात इटलीने ब्राझीलला ३-२ असे हरवले आणि पावलो रॉसीने तिन्ही गोल केले, तेही इथेच. ब्राझील, इटली आणि अर्जेंटिना हे तिघे त्या वेळी एकाच गटात होते. शहरात काम्प नोउसारखे अवाढव्य मैदान असताना या तिघांचे सामने लहानशा सारियावर झाले. ज्यांनी ते पाहिले, त्यांना प्रेक्षक गोलरक्षकाच्या पाठीला टेकून बसल्यासारखे दिसत. सारियाची ताकद तीच होती.

क्लबवर कर्ज चढले. जागा शहराच्या महागड्या भागात होती, म्हणून ती विकली. जूनमध्ये शेवटचा सामना झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात स्फोटके लावून मैदान पाडले. माझी मुलगी बार्सिलोनात शिकत असताना मी तिथे मुद्दाम गेलो होतो. आता इमारती आहेत आणि मधोमध जुन्या मैदानाच्या नावाची एक बाग आहे. मला ते बघून राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. क्लबचे कर्ज फिटले असेल, पण पुढची बारा वर्षे त्याने टेकडीवर भाड्याने काढली.

मोंजुइकचे स्टेडियम १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेले आणि १९९२ च्या ऑलिंपिकसाठी आतून नवे केलेले. बाहेरून देखणे आहे. फुटबॉलसाठी मात्र गैरसोयीचे, कारण खेळपट्टीभोवती धावण्याचा ट्रॅक आहे आणि प्रेक्षक लांब पडतो. पन्नास हजारांहून मोठ्या मैदानात वीस हजार माणसे पांगून बसली की आवाज हवेत विरतो. त्या काळात क्लबने २००० आणि २००६ असा दोनदा राजाचा चषक जिंकला, पण दोन्ही अंतिम सामने दुसऱ्या शहरांत झाले, एक व्हॅलेन्सियात आणि एक माद्रिदमध्ये. मोंजुइकवरचा आठवणारा क्षण विचाराल, तर कोरोचा तो गोलच.

कोर्नेया आणि एल प्रात या बार्सिलोनाला लागून असलेल्या दोन गावांच्या हद्दीवर २००९ मध्ये क्लबने स्वतःचे मैदान बांधले. २ ऑगस्टला लिव्हरपूलला ३-० असे हरवून ते उघडले. सहा दिवसांनी, मोसमपूर्व तयारीसाठी इटलीत असताना, क्लबचा नवा कर्णधार दानी खार्के हृदयविकाराने गेला. वय सव्वीस. त्याचा अंक २१. तेव्हापासून घरच्या प्रत्येक सामन्यात एकविसाव्या मिनिटाला सगळे मैदान टाळ्या वाजवते आणि २१ क्रमांकाच्या दाराला त्याचे नाव आहे. नव्या मैदानाला आपले व्हायला वर्षे लागतात. या मैदानाला ती लागली नाहीत, आणि त्याचे कारण इतके दुःखाचे आहे.

आणखी एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. काम्प नोउची पुनर्बांधणी सुरू झाल्यावर तिथल्या बार्सिलोना क्लबने २०२३-२४ आणि २०२४-२५ हे मोसम मोंजुइकवर काढले, एस्पान्योलच्या जुन्या भाड्याच्या घरात. आणि मे २०२५ मध्ये त्यांनी लीग पक्की केली ती एस्पान्योलच्या नव्या मैदानावर, २-० ने.

मी बारावीत आहे. १९२९ पासूनच्या ला लीगाच्या मोसमांची वही करतोय. प्रत्येक क्लबापुढे मैदानाचे नाव लिहितो, पण नावे जुळत नाहीत. क्लब हलला की फक्त पाटी बदलली, हे कसे ओळखायचे? – एक वाचक, नाशिक

वहीत एक रकाना वाढव: जागा. मोहल्ला, रस्ता, नदी, काय मिळेल ते लिही. नाव आणि जागा वेगवेगळी धरलीस की निम्मा गोंधळ संपेल.

व्हॅलेन्सिया घे. १९२३ पासून क्लब मेस्तायावर आहे. मेस्ताया हे तिथल्या जुन्या पाटाचे नाव. १९६९ ते १९९४ या मोसमांत तुला लुईस कासानोव्हा असे नाव सापडेल. ते क्लबचे माजी अध्यक्ष होते. मैदान तेच, पाटी वेगळी. पुढे जुने नाव परत आले. नवे मेस्ताया दुसऱ्या ठिकाणी २००७ मध्ये बांधायला घेतले, २००९ मध्ये पैशाअभावी काम थांबले, आणि सांगाडा तसाच उभा राहिला. काम पुन्हा सुरू झाले ते थेट २०२५ मध्ये. म्हणजे आजपर्यंतच्या सगळ्या लीग मोसमांत तू डोळे मिटून मेस्ताया लिही.

सेव्हियातल्या बेटिसचेही तसेच. बेनितो व्हियामारिन हे नाव काढून २००० मध्ये त्या वेळचे क्लबचे सर्वेसर्वा मान्युएल रुईस दे लोपेरा यांचे नाव दिले गेले. २०१० मध्ये सभासदांनी मतदान करून जुने नाव परत आणले. दहा मोसम, एकच मैदान. (२०२५-२६ मध्ये मात्र बेटिस खरोखर हलला आहे. व्हियामारिनची पुनर्बांधणी चालू असल्याने तो ला कार्तुखावर खेळतो.) व्हियारेआलचे एल माद्रिगाल जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे मोसमाच्या मध्यावर, ला सेरामिका झाले. तिथे एका मोसमापुढे दोन नावे लिहावी लागतील, ती लिही.

उलटा सापळा माद्रिदमध्ये आहे. तिथे नाव तेच आणि जागा वेगळी. अ‍ॅटलेटिकोचे पहिले मेट्रोपोलितानो १९२३ ते १९६६. मग मान्सानारेस नदीकाठचे मैदान. त्यालाच पुढे अध्यक्ष व्हिसेन्ते काल्देरोन यांचे नाव दिले. त्याच्या एका स्टँडखालून शहराचा मोठा महामार्ग जात असे. सप्टेंबर २०१७ पासून शहराच्या दुसऱ्या टोकाला नवे मेट्रोपोलितानो, पुढे प्रायोजकांची नावे जोडलेले. जुन्या आणि नव्या मेट्रोपोलितानोत एक वीटही सामाईक नाही. काल्देरोनवरचा शेवटचा अधिकृत सामनाही अ‍ॅटलेटिकोचा नव्हता. तो राजाच्या चषकाचा अंतिम सामना होता, २७ मे २०१७, बार्सिलोना ३, अलावेस १.

कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, सगळ्या तालमी शाहू स्टेडियमवरच खेळतात. अर्धे मैदान आपले, अर्धे त्यांचे. स्पेनमध्ये दोन क्लबांचे एकच मैदान चालते का? – एक वाचक, कोल्हापूर

कायमचे नाही, पण अडचणीच्या दिवसांत अगदी कट्टर शेजाऱ्यांनीही एकमेकांना जागा दिली आहे. यादवी युद्धात जुन्या मेट्रोपोलितानोचे हाल झाले होते. ते १९४३ मध्ये पुन्हा उघडेपर्यंत अ‍ॅटलेटिको व्हायेकासला आणि रेआल माद्रिदच्या चामार्तिनवर खेळला. क्लबचे नाव तेव्हा अ‍ॅटलेटिको अव्हियासिऑन. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी दोन विजेतेपदे त्याने घराशिवाय मिळवली. त्या संघाचे कौतुक करताना लोक खेळाडूंची नावे घेतात. मला या गोष्टीचे जास्त कौतुक वाटते. पुढे फेड झाली. रेआल माद्रिदचे अध्यक्ष सान्तियागो बेर्नाबेउ यांनी चामार्तिन पाडून शेजारीच नवे मैदान उभारायला घेतले, तेव्हा रेआल माद्रिद मेट्रोपोलितानोवर खेळायला गेला. नवे मैदान डिसेंबर १९४७ मध्ये उघडले. बेर्नाबेउ हे नाव त्याला १९५५ मध्ये मिळाले.

अलीकडचे उदाहरण २०२२ च्या उत्तरार्धातले. व्हियारेआलच्या मैदानाचे काम चालू होते, तेव्हा त्याने घरचे सामने व्हॅलेन्सियात लेव्हान्तेच्या मैदानावर खेळले.

तुमच्या शाहू स्टेडियमसारखी गंमत मात्र तिथे नाही. एकाच मैदानावर सगळ्या पेठा, आणि कोणीच पाहुणा नाही, ही कोल्हापूरची स्वतःची रीत आहे. ती तुम्ही जपा.

स्पेनमधले सर्वांत जुने मैदान कोणते? – एक वाचक, ठाणे

व्यावसायिक फुटबॉलमधले एल मोलिनॉन, खिखॉनचे. १९०८ पासून तिथे खेळ चालू आहे आणि स्पोर्टिंग क्लब आजही तिथेच आहे. २०१८ मध्ये त्याला एन्रिके कास्त्रो 'किनी' या लाडक्या गोलकर्त्याचेही नाव जोडले.

रेआल सोसिएदादचे जुने चाहते अनोएताला नाके मुरडतात आणि आतोचाच्या आठवणी काढतात. मोठे, नवे मैदान का आवडू नये? – एक वाचक, रत्नागिरी

तुम्ही बंदरावरचे, तुम्हाला हे लगेच कळेल. आतोचा सान सेबास्तियान शहरात भाजी-फळांच्या घाऊक बाजाराला लागून होते. १९१३ ते १९९३. मैदान चिंचोळे, चिखलाचे, आणि पहिली रांग साइडलाइनपाशीच. क्लबने १९८१ आणि १९८२ अशी सलग दोन लीग जिंकली. पहिली एल मोलिनॉनवर, खेसूस मारिया सामोराने शेवटच्या क्षणी केलेल्या गोलाने, २-२. दुसरी घरी आतोचावर, शेजारच्या बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिकला २-१ हरवून. तिथे गोल झाला की आकाशात फटाका सोडायची प्रथा होती: पाहुण्यांचा गोल असेल तर एक आवाज, आपला असेल तर दोन. समुद्रात गेलेल्या कोळ्यांनाही निकाल कळावा म्हणून, असे तिथले लोक सांगतात. पहिल्या आवाजानंतर सगळे शहर दुसऱ्याची वाट बघत थांबायचे. ५ डिसेंबर १९७६ ला याच मैदानावर सोसिएदाद आणि अ‍ॅथलेटिक या दोन्ही संघांचे कर्णधार, कोर्ताबारिया आणि इरिबार, त्या वेळी बंदी असलेला बास्क झेंडा दोघे मिळून घेऊन आले. दीड महिन्याने त्या झेंड्याला परवानगी मिळाली.

१९९३ मध्ये क्लब अनोएताला गेला आणि तिथे ट्रॅक होता. तीच मोंजुइकची कथा. चाहत्यांची तक्रार नव्या सिमेंटवर नव्हती, त्या अंतरावर होती, आणि ती रास्त होती. माझे मत स्पष्ट आहे: फुटबॉलच्या मैदानाभोवती ट्रॅक घालणे हा खेळावर अन्याय आहे.

बिल्बाओने हेच काम फार शहाणपणाने केले. १९१३ चे सान मामेस २०१३ मध्ये पाडले, पण नवे अगदी त्याला खेटून, काही भाग जुन्याच जागेवर बांधले. त्यामुळे सप्टेंबर २०१३ मध्ये ते उघडले तेव्हा एक बाजू रिकामीच होती, कारण जुने पूर्ण पाडल्याशिवाय तिथे स्टँड उभे राहणार नव्हते. लोकांनी तीन बाजूंच्या मैदानात तो मोसम काढला. जुनी पोलादी कमान लेसामाच्या सराव केंद्रात नेऊन उभी केली. जुन्या सान मामेसवर पहिला गोल करणाऱ्या पिचिचीचा अर्धपुतळाही नव्या मैदानात आणला. पहिल्यांदा तिथे खेळायला येणाऱ्या संघाचा कर्णधार त्याला फुले वाहतो, ती रीत चालू आहे. माणसे त्याच बसने, त्याच रस्त्याने, त्याच खानावळींवरून सामन्याला जातात.

अनोएताचे म्हणाल, तर चाहत्यांनी पंचवीस वर्षे धरलेला हट्ट शेवटी फळाला आला. २०१७ ते २०१९ या काळात ट्रॅक काढला, खेळपट्टी खाली घेतली आणि स्टँड पुढे आणले. आता कोपऱ्यावरून चेंडू मारणाऱ्याला पहिल्या रांगेतला माणूस नावाने हाक मारू शकतो. तुमचे ते जुने चाहते हल्लीचा एखादा सामना टीव्हीवर बघतील, तर त्यांना तो फरक लगेच दिसेल.