चौकीत वडिलांना शिवीगाळ झाली, हवालदाराविरुद्ध तक्रार कुठे आणि कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणात तुमच्या ६६ वर्षांच्या वडिलांना हवालदाराने साक्षीसाठी म्हणून चौकीत बोलावलं, तीन तास बसवून ठेवलं, शिव्या दिल्या. आता ठाण्यात तुमचा अर्ज कुणी हातात घेत नाही. घडलं ते वडिलांनी कागदावर उतरवलंय का? नसेल, तर माझं उत्तर नंतर वाचा, आधी ते करा.

असं का म्हणतो ते सांगतो. २०२१ मध्ये माझ्या थोरल्या भावाला एका चौकीत थोबाडीत मारली होती. आम्ही आठवडाभर याला भेट, त्याला भेट करत संतापात फिरलो आणि मग अर्ज लिहिला. अर्जात वेळ लिहिली रात्री नऊची. चौकशीत भावाने जबाब दिला, 'साडेसात-आठ झाले असतील.' बकल नंबरचे, म्हणजे पोलिसाच्या गणवेशावरच्या ओळख क्रमांकाचे, दोनच आकडे त्याला आठवत होते. चौकशी करणाऱ्या एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) साहेबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. भाऊ खोटं बोलत नव्हता, आठ दिवसांत माणूस विसरतो एवढंच. पण त्याचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून अर्जात विशेषणं नकोत. 'उद्दाम', 'मग्रूर' असलं काही लिहू नका. तारीख, चौकीत किती वाजता गेलात, किती वाजता सोडलं, फोन कुठल्या नंबरवरून आला, तिथे आणखी कोण होतं, नेमके कोणते शब्द वापरले. शिवी असेल तर शिवी जशीच्या तशी लिहा, लाजू नका. हवालदाराचं नाव माहीत नसेल तर बकल नंबर, तोही नसेल तर वर्णन आणि ड्युटीची वेळ. आणि हे आवर्जून लिहा: साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर ६० वर्षांवरच्या पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला राहत्या घराबाहेर हजर राहायला पोलीस भाग पाडू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. तुमच्या वडिलांच्या बाबतीत शिव्यांपेक्षा हा मुद्दा जास्त भक्कम आहे असं मला वाटतं.

अर्ज ज्या ठाण्याविरुद्ध आहे त्याच ठाण्यात देत बसू नका. पुणे शहरात असाल तर तुमच्या परिमंडळाच्या डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) लिहा, प्रत साधू वासवानी चौकाजवळच्या पोलीस आयुक्तालयात. वाकड-हिंजवडीकडे राहत असाल तर तो भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतो, आणि ग्रामीण हद्द असेल तर पोलीस अधीक्षकांकडे. हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर सरळ पोस्टात जा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

त्याच दिवशी एक वेगळा अर्ज करा: चौकीतलं त्या तीन तासांचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं म्हणून. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय की पोलीस ठाण्यांतलं चित्रीकरण १८ महिने राहिलं पाहिजे, ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष. माहिती अधिकारातही मागा, उत्तराची मुदत ३० दिवस असते. आम्ही हे केलंच नाही, आणि चुकलो.

मारहाण करून गंभीर दुखापत, बेकायदा डांबून ठेवणं, पैसे उकळणं असं काही असेल तर विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, पुणे विभागासाठी पुण्यातच. पोलीस सुधारणांवरच्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेल्या निकालानंतर राज्याने कायद्यात बदल करून ही प्राधिकरणं आणली. हवालदारापासून वरिष्ठ निरीक्षकापर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, त्यावरचे अधिकारी असतील तर राज्य प्राधिकरण. लाच मागितली असेल तर मात्र थेट १०६४, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. आणि पैसे देण्याआधी फोन करा, दिल्यानंतर नाही. न्यायालयात जायची वेळ आली तर वकिलाशिवाय जाऊ नका, पोलिसाविरुद्धच्या अर्जाला तिथे वेगळी प्रक्रिया लागते.

मध्ये फोन येईल: 'काका, मिटवून घ्या, त्या हवालदाराच्या नोकरीचा प्रश्न आहे.' मिटवायचं की नाही हे वडिलांनी ठरवायचं, तुम्ही नाही आणि मीही नाही. पण 'तक्रार गैरसमजातून झाली' असं लिहिलेल्या कागदावर सही करू देऊ नका. पुढे तोच कागद तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो.

उपयोग होतो का, असंही तुम्ही विचारलंत. आमच्या बाबतीत त्या शिपायाला लेखी समज मिळाली आणि त्याची त्या चौकीतून बदली झाली. भावाला ते कमी वाटलं, मलाही. पण तीन महिन्यांनी तो पासपोर्टच्या चौकशीसाठी त्याच चौकीत गेला तेव्हा त्याला 'बसा' म्हणाले.

वडिलांना आज रात्रीच घेऊन बसा. तुम्ही लिहा, ते सांगतील.